वस्तूची स्थिती

अडतीस मिनिटांत दोनशे अकरा बोटं.
डाव्या हाताची, अंगठ्याशेजारची.
आवाज नाही, चेहरे नाहीत.
नखांत कणीक, नखांत ग्रीस, एकीच्या नखात हळद,
एकाचं बोटच अर्धं, भोसरीच्या प्रेसमध्ये गेलेलं.
शाई मात्र कुणालाच नाही.
मुठेकाठच्या वस्तीत मतदारयादी लागली तेव्हा
ही माणसं तिच्यात नव्हती.
एवढीच माझी फिल्म.

थिएटरात ती चालणार नाही. मला तिथे नकोच होती.
मला हवी होती अशी भिंत, जिच्यासमोरून माणूस
हात पाठीमागे बांधून जातो,
थांबतो, पाटी वाचतो, पुन्हा वस्तूकडे बघतो.
तसं बघावं कुणीतरी
कौसाबाई आढागळ्यांच्या बोटाकडे.

पहिल्या संग्रहालयात अडकित्ते होते, सातशे.
अभिरक्षक सौजन्याने बोलले. चहा अर्धा कप.
"यात राजकारण आहे का?"
बोटं आहेत, म्हटलं.
"हो, पण कुणाकडे केलेली?"

दुसरीकडे तलवारी. एका पात्यावर डाग,
पाटीवर नीट लिहिलेलं, कुणाचं रक्त, कुठल्या लढाईतलं.
तिथल्या बाई म्हणाल्या, "त्याला तीनशे वर्षं झाली हो.
तुमचं अजून ओलं आहे."
हे टाळायला म्हणाल्या की खरंच पाहून म्हणाल्या,
डेक्कनच्या पुलापर्यंत चालत आले तरी ठरेना.

तिसरं एक ते चार बंद.
मी दीडला पोचले. चूक माझीच.

चौथ्या ठिकाणी साहेब मीटिंगमध्ये.
मीटिंग संपेना, अंधार पडला,
आणि रखवालदार डोईफोडे म्हणाले, मला तर दाखवा.
सायकलस्टँडच्या पत्र्यावर लावली.
पत्रा पन्हाळीचा, बोटं जरा वाकडी दिसली.
ते उभ्याने पाहत राहिले,
मधे एकदाच शिट्टी फुंकली, ती गेटात घुसलेल्या रिक्षासाठी.
संपल्यावर स्वतःचं बोट पँटला पुसलं.
"माझं नाव हाय यादीत," म्हणाले, "दोनदा.
एकदा इथं, एकदा मंगळवेढ्याला.
त्यातलं एक कुणाला देता येतं का बघा."

परवा पत्र आलं, त्या चौथ्यांचंच.
बोटांबद्दल अवाक्षर नाही.
समितीला प्रोजेक्टर आवडलाय.
सोळा मिलिमीटरचा, मामाच्या शाळेतून भंगारात निघालेला,
कुटुंबनियोजनाच्या फिती दाखवून दाखवून
पट्टा सैल झालेला.
जुन्या यंत्रांच्या दालनात खिडकीशी जागा आहे,
शिवणयंत्र आणि चक्रमुद्रणाच्या मधोमध.
देणगीदाराचं नाव पितळेत.

हसू आलं. मग राग. मग रात्री अर्ज भरायला बसले.
वस्तूचे नाव. वस्तूचे वय. वजन नऊ किलो.
वस्तूची स्थिती, चालू की बंद, खूण करा.
चालू.
निगा राखण्याच्या सूचना:
रोज दुपारी चालवावा, न चालवल्यास तेल घट्ट होते.
रीळ न लावता चालवल्यास दाते झिजतात.
(यातलं दुसरं खोटं आहे. समितीत यंत्रातलं
कुणाला कळत नसावं, ही आशा.)
सोबतचे साहित्य: रीळ, नग एक.

त्या 'नग एक'पाशी पेन अडलं.
कौसाबाईंना विचारायला हवं,
तुमचं बोट सुटा भाग म्हणून आत जातंय, चालेल?
त्या विचारतील, पाटीवर नाव येईल ना?
पाटीवर येणार ते माझं.

त्यासाठी अर्जात रकाना नव्हता.
कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं,
आढागळे, कौसाबाई.
त्याखाली पुढचं. त्याखाली पुढचं.
अक्षर बारीक केलं तरी
त्रेसष्टाव्या नावाला कागद संपला.

कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान
सकाळी साडेनऊला उघडतं.